जेलचा नखरंग : लावणें सोपें, उतरविणें जपून

लग्नसराई संपत आली म्हणजे घरोघरीं आवराआवर सुरू होते. पैठण्या-शालू घडी होऊन कपाटांत जातात, उसनवार आणलेलीं भांडीं व समया ज्यांच्या त्यांच्या घरीं परत पोहोंचतात, आणि हातांवरची मेंदी आपल्या आपण फिकी होत जाते. नववधूच्या शृंगारापैकीं एक वस्तु मात्र अलीकडे अशी निघाली आहे कीं, ती पाण्यानें जात नाहीं, नखरंग पुसण्याच्या नेहमींच्या औषधासही दाद देत नाहीं, आणि बळानें काढूं गेल्यास जातांना नखाचा वरचा पापुद्राही बरोबर घेऊन जाते. ही वस्तु म्हणजे नखांवरील ‘जेल’ रंग. तो कसा लावतात हें तरुण मुलींस सांगावयास नको. तो उतरवावा कसा, हें मात्र पुष्कळ घरांत कोणासच नीट ठाऊक नसतें. म्हणून या महिन्यांत त्याविषयींच लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठ्या शहरांत हा प्रश्न फारसा अडत नाहीं. जिनें रंग लावला तिच्याकडेच तीन आठवड्यांनीं जाऊन तो उतरवून घेतां येतो. धाराशिव जिल्ह्यासारख्या ठिकाणीं गोष्ट निराळी होते. येथील मुली शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुणें, सोलापूर, लातूर येथें राहतात. लग्नाच्या दोन दिवस आधीं तेथल्या पार्लरांत नखें करून घेतात आणि कार्यासाठीं धाराशिव, कळंब, परांडा किंवा उमरगा येथें येतात. म्हणजे लावणारी पुण्यास आणि काढणारी घरीं, अशी स्थिति होते. तीन आठवडे झाले कीं मुळाशीं कोरें नख दिसूं लागतें, रंगाचे कांठ सुटूं लागतात, त्यांत केंस अडकतात, कणीक अडकते; आणि हात आपोआप तो सुटलेला कांठ उचकटूं लागतो.

त्यांत एखादें निमित्त घडतें. लग्नानंतर जोडपें तुळजापुरास कुलस्वामिनीच्या दर्शनास जावयाचें असतें, घरीं गोंधळ असतो, सवाष्णी जेवावयाच्या असतात, नव्या सुनेच्या हातचा पहिला पुरणावरणाचा स्वयंपाक व्हावयाचा असतो. आदल्या संध्याकाळीं घरांतील एखादी वडील बाई सहज म्हणून जाते, “अगं, उद्यां नैवेद्य करायचाय ना? मग ती नखं तेवढी आजच साफ करून टाक बाई.” हें बोलणें अगदीं निर्मळ मनाचें असतें. त्यांच्या काळीं नखरंगाची बाटली असे, तो औषधाच्या बोळ्यानें दोन मिनिटांत पुसला जाई. हाही तसाच जाईल अशी त्यांची समजूत. सून नवी असते. “हा रंग तसा निघत नाहीं” असें सांगावयास तिची जीभ रेटत नाहीं. ती रात्रीं खोलीचें दार लावून ब्लेड, सेफ्टी पिन, चमच्याचा कांठ आणि शेवटीं दांत, असे सर्व उपाय करते. सकाळीं नखें स्वच्छ असतात खरीं. पण तीं कागदासारखीं पातळ, खरबरीत व पांढऱ्या चट्ट्यांचीं झालेलीं असतात. गरम पातेल्याचा कांठ सोसत नाहीं, मिरचीचा हात झोंबतो, भांडीं घासतांना बोट ठसठसतें. आणि हें दुखणें आठ-पंधरा दिवसांचें नसून कित्येक महिन्यांचें असतें.

येथें आम्हीं स्पष्ट करून ठेवतों कीं, नखें रंगवावीं कीं न रंगवावीं, या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. नटण्याची आवड आजची नव्हे. याच जिल्ह्यांतील तेर हें प्राचीन काळचें तगर. दोन हजार वर्षांपूर्वीं पश्चिमेकडील व्यापाऱ्यांसही तें ठाऊक होतें. तेथें सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति अंगभर अलंकार ल्यालेली आहे, आणि तेथील जमिनींतून मणी व शंखाच्या बांगड्या निघाल्या आहेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जेलच्या रंगानें नखांचें जें नुकसान होतें त्यांत रंगाचा वांटा थोडा व काढण्याच्या घाईचा वांटा मोठा असतो. ही घाई टाळणें घरांतील सर्वांच्या हातीं आहे, आणि त्यास फार तर एक तास लागतो.

प्रथम नख म्हणजे काय हें थोडक्यांत समजून घ्यावें. केंस व नख हीं दोन्ही ‘केराटिन’ नांवाच्या एकाच जातीच्या द्रव्याचीं बनलेलीं आहेत. गाईचें शिंग व घोड्याचा खूर हेही त्याच द्रव्याचे. नख तयार होतें तें मुळाशीं, कातडीखालीं असलेल्या गाभ्यांत; अंगठ्याच्या नखाच्या बुडाशीं जी पांढरट चंद्रकोर दिसते ती त्या गाभ्याचाच दिसणारा भाग होय. तेथून पुढें आलेलें नख निर्जीव असतें. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर, आणि तेवढ्यांतही एकावर एक घट्ट चिकटलेले अनेक पापुद्रे असतात. कातडीस जखम झाली तर ती भरून येते, कारण कातडी जिवंत असते. नखाचे वरचे पापुद्रे उपटले तर ते भरून येत नाहींत. तो पातळ झालेला भाग वाढत वाढत टोंकाशीं येऊन कापला जाईपर्यंत वाट पाहणें, एवढाच उपाय. हाताचें नख महिन्याला सुमारें तीन मिलिमीटर वाढतें. म्हणजे मुळापासून टोंकापर्यंत नवें नख यावयास चार ते सहा महिने हवेत. पायाच्या अंगठ्यास वर्ष-दीड वर्षही लागतें. अर्ध्या तासाच्या उतावळेपणाची भरपाई अर्ध्या वर्षानें करावी लागते, हा हिशेब प्रत्येक मुलीनें लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां रंगाकडे वळूं. बाटलींतला पातळ नखरंग अमेरिकेंत ‘क्युटेक्स’ या नांवानें १९१७ मध्यें निघाला. आपल्याकडे टाटांनीं १९५२ मध्यें ‘लॅक्मे’ हा उद्योग काढला, त्यानंतर असा रंग मध्यम वर्गाच्या घरांत शिरला. हा जुना रंग म्हणजे एका उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळविलेली राळ व रंगद्रव्य. द्रव उडाला कीं रंग वाळतो, आणि तसाच द्रव पुन्हां लावला कीं तो विरघळून पुसला जातो. सुकलेला साखरेचा पाक पाण्यानें पुन्हां पातळ व्हावा, तसाच हा प्रकार.

भिजवून काढावयाचा जेल रंग मोठ्या प्रमाणावर पसरला तो २०१० नंतर. त्या वर्षीं एका अमेरिकन मंडळीनें ‘शेलॅक’ नांवाचा रंग बाजारांत आणला. हा वाळत नाहीं, तर जमतो. त्यांत ‘ॲक्रिलेट’ वर्गाचीं द्रव्यें असतात. दिव्याच्या पेटींत बोटें ठेवून त्यांवर अतिनील किरण पाडले कीं अर्ध्या ते दोन मिनिटांत त्या द्रव्यांचे लहान कण एकमेकांत गुंफून त्यांचें घट्ट जाळें बनतें. विरजलेल्या दह्याचें जसें पुन्हां दूध होत नाहीं, तसा हा जमलेला रंग पुन्हां पातळ होत नाहीं. म्हणून तो दोन-तीन आठवडे जशाचा तसा राहतो, आणि म्हणूनच पुसून निघत नाहीं.

मग तो निघतो कसा? ॲसिटोन नांवाचा द्रव त्या जाळ्यांत हळूहळू शिरतो, तें जाळें फुगतें, नखापासून सैल होतें आणि सुरकुतून सुटून येतें. बदाम सोलण्याची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. रात्रभर भिजलेल्या बदामाचें साल दोन बोटांत दाबलें कीं अलगद सुटतें. कोरड्या बदामाचें साल सुरीनें खरवडूं लागलें तर बदामाचा गरही त्याबरोबर जातो. जेलचें अगदीं असेंच आहे. भिजणें पुरें झालें नाहीं तोंवर खरवडूं नये, हा या सर्व लेखाचा गाभा होय.

अमेरिकेंतील मायामी विद्यापीठांतील त्वचारोगतज्ज्ञांनीं २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, जेल रंग वापरून नखें ठिसूळ व पातळ झालेल्या कांहीं स्त्रियांचें वर्णन आहे. त्यांपैकीं एकीच्या नखांची जाडी त्यांनीं रंग लावण्यापूर्वीं व काढल्यानंतर यंत्रानें मोजली. नंतरची जाडी कमी भरली. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांची मोठी संस्था स्त्रियांस हाच सल्ला देते कीं, रंग उचकटूं नये, खरवडूं नये, ॲसिटोननें भिजवून सुटूं द्यावा, आणि दोन वेळांमध्यें नखांस विसांवा द्यावा.

काम सुरू करण्यापूर्वीं आपल्या नखांवर काय आहे, याची खात्री करून घ्यावी. पार्लरमध्यें तीन प्रकारचें काम होतें. पहिला, भिजवून निघणारा जेल रंग. हा लेख त्याविषयींच आहे. दुसरा, नख लांबविण्यासाठीं वापरतात तो कठीण जेल. हा ॲसिटोनमध्यें कितीही भिजविला तरी सुटत नाहीं, कानशीनेंच झिजवावा लागतो, आणि तें काम घरीं करण्यासारखें नाहीं. तिसरा, भुकटी व द्रव मिसळून बनविलेलीं ‘ॲक्रिलिक’ नखें. तीं ॲसिटोननें सुटतात, पण त्यास बराच अधिक वेळ लागतो. यासाठीं रंग लावून घेतांनाच पार्लरमधील बाईस दोन गोष्टी विचाराव्या : “हा भिजवून निघतो का?” आणि “याचं नाव काय?” उत्तर फोनमध्यें लिहून ठेवावें. विचारण्यांत कसलाही कमीपणा नाहीं.

ॲसिटोन कसें घ्यावें, याविषयींही सांगितलें पाहिजे. किराणा वा प्रसाधनांच्या दुकानांत नखरंग काढण्याचें जें औषध मिळतें त्यांतील पुष्कळांवर ‘ॲसिटोन-विरहित’ असें लिहिलेलें असतें. साध्या रंगास तें उत्तम. जेलवर मात्र त्याचा उपयोग होत नाहीं, आणि उपयोग होत नाहीं म्हणूनच बाई शेवटीं ब्लेड हातीं घेते. बाटलीवर शुद्ध ॲसिटोन असें स्पष्ट असेल तीच घ्यावी. रंगाच्या दुकानांत मिळणारा थिनर कधींही वापरूं नये. त्यांत टोल्युइनसारखीं द्रव्यें असतात व तीं कातडीस आणि श्वासास अपायकारक आहेत. ‘क्षणांत जेल सोडविणारें’ म्हणून जीं मलमें विकलीं जातात, त्यांवर घटक छापलेले नसल्यास तींही दूर ठेवावीं. लिंबू, शिरका, दांतांची पेस्ट, साबणाचें गरम पाणी, हे उपाय ऐकावयास सोपे असले तरी जमलेल्या जेलचें जाळें त्यांनीं सुटत नाहीं. फक्त नख पाण्यानें मऊ होतें आणि मग उचकटतांना अधिकच फाटतें.

ॲसिटोनचा सर्वांत मोठा धोका नखांस नसून घरास आहे. हा द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहे. शून्याखालीं सुमारें २० अंश तपमानासही त्याची वाफ ठिणगीनें पेटूं शकते. मग धाराशिवच्या वैशाखांत काय सांगावें! ही वाफ हवेच्या सुमारें दुप्पट जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत पसरते आणि दूर असलेल्या ज्योतीपर्यंत पोहोंचते. तेव्हां हें काम स्वयंपाकघरांत कधींही करूं नये. देवघरांत समई तेवत असतां शेजारच्या खोलींत करूं नये. उदबत्ती, धूप, डांसांची कांडी, विडी-सिगारेट, यांपैकीं कांहीं जवळ नसावें. दिवसा, उघड्या खिडकीजवळ किंवा गच्चीच्या सावलींत बसावें. ॲसिटोन लवकर काम करावें म्हणून कोणी तें गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्यें गरम करण्याचें सुचविल्यास त्यांचें ऐकूं नये. तें ५६ अंशांसच उकळतें व भडका उडतो. घरांत लहान मुलें असतात. पाण्यासारख्या दिसणाऱ्या या बाटलीचें झांकण लगेच लावून ती उंच फळीवर ठेवावी, आणि उरलेलें ॲसिटोन पाण्याच्या बाटलींत तर मुळींच ओतून ठेवूं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. लागणारें सामान थोडें आहे : शुद्ध ॲसिटोन, कापूस, पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद, नखांची बारीक कानस, बोथट टोंकाची लाकडी काडी, व्हॅसलीन किंवा खोबरेल, आणि घड्याळ. घड्याळ आम्हीं मुद्दाम सांगितलें. कारण पांच मिनिटेंच झालीं असतां पंधरा झालीं असें वाटणें हा मनुष्यस्वभाव आहे.

अंगठ्या व खोटे दागिने काढून ठेवावेत. ॲसिटोननें पॉलिश केलेलें लाकूड, कित्येक प्लास्टिकें व कांहीं कृत्रिम वस्त्रें खराब होतात. म्हणून मांडीवर जुनें सुती कापड व त्याखालीं जुनें वर्तमानपत्र घ्यावें. हात धुवून पूर्ण कोरडे करावे. नखें लांब असल्यास आधीं कापून आंखूड करावीं, म्हणजे भिजवावयाचा भाग कमी होतो. यानंतर कानशीनें नखावरची फक्त चकाकी घालवावी. या रंगाच्या सर्वांत वर एक टणक, चकचकीत थर असतो व तो ॲसिटोनला आंत शिरूं देत नाहीं. त्यासाठीं १८० आंकड्याची कानस पुरे. हात हलका ठेवून एकाच दिशेनें पांच-सहा वेळां फिरवावी. पृष्ठभाग निस्तेज झाला कीं थांबावें. रंग संपेपर्यंत घासूं नये, कारण रंग कोठें संपतो व नख कोठें सुरू होतें हें घासणाऱ्या हातास कळत नाहीं. पार्लरमध्यें विजेवर फिरणारी कानस वापरतात, तिनें तर नखाचा थर डोळ्यांदेखत जातो. तेथेंही “फक्त वरची चकाकी काढा” असें सांगण्यास संकोचूं नये.

मग नखाभोंवतालच्या कातडीस व्हॅसलीन किंवा घट्ट खोबरेल चोळावें. ॲसिटोन कातडीतील तेलकटपणा शोषून घेतें, त्यापासून तिचें रक्षण होतें. मात्र रंगावर तेलाचा हात लागूं देऊं नये. तसें झाल्यास तेथें ॲसिटोन लागू पडत नाहीं. कापसाचे नखाएवढेच लहान तुकडे करावे, मोठे बोळे नकोत. तुकडा ॲसिटोनमध्यें चिंब भिजवून नखावर नेमका बसवावा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा कागद घट्ट गुंडाळावा. कागदाचें काम वाफ अडविण्याचें आहे. आपल्याकडील कोरड्या हवेंत उघडा कापूस दोन मिनिटांत सुकतो, आणि मग “इतका वेळ ठेवलं तरी निघत नाही” अशी तक्रार होते. डोक्यावरचा पंखाही तेवढा वेळ बंद असावा. खिडकीची हवा पुरे.

एका वेळीं एकच हात घ्यावा. दोन्ही हातांचीं दहा बोटें एकदम बांधलीं आणि दार वाजलें किंवा मूल रडलें कीं मनुष्य अडून बसतो. मग घाई ओघानेंच येते. दुसऱ्या कोणी कागद गुंडाळून दिला तर उत्तमच. नणंद, जाऊ, धाकटी बहीण, अगदीं यजमानांनींसुद्धां हें काम करण्यास हरकत नाहीं. यजमानांस औषधाच्या दुकानांतून योग्य बाटली वाचून आणण्याचें काम तर अवश्य द्यावें.

घड्याळाप्रमाणें दहा ते पंधरा मिनिटें थांबावें. नंतर एकच बोट उघडून पाहावें. सर्व एकदम उघडल्यास बाकीचीं सुकतात. रंग तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला व कडेनें उचललेला दिसला पाहिजे. तसा दिसल्यास लाकडी काडीचें बोथट टोंक कांठाखालीं घालून मुळाकडून टोंकाकडे अलगद सारावें. रंग आपण होऊन सरकतो. जेथें तो अडतो तेथें हात थांबवावा, नवा भिजलेला कापूस ठेवून पुन्हां पांच मिनिटें बांधावें. गडद रंगास किंवा जाड थरास असें दोन-तीन वेळां करावें लागतें, त्यांत कांहीं बिघडलें नाहीं. ॲसिटोननें नख कोरडें पडतें खरें, पण तो कोरडेपणा तेलानें व कांहीं दिवसांनीं भरून निघतो. खरवडून गेलेला थर निघत नाहीं. म्हणून पांच मिनिटें अधिक भिजविणें आणि एकदां खरवडणें, यांत निवड करावयाची झाल्यास नेहमीं पहिलें निवडावें.

शेवटीं एखादा चिकट ठिपका राहिलाच तर त्यासाठीं अट्टाहास करूं नये. अतिशय बारीक कानशीनें तो हलकेच पुसट करावा, नाहींतर तसाच राहूं द्यावा; चार दिवसांनीं आपण होऊन जातो. हात साबणानें धुवून कोमट खोबरेल किंवा तिळाचें तेल नखांवर व मुळांशीं चोळावें. वापरलेला कापूस उघड्या जागेंत, ज्योतीपासून दूर, पूर्ण वाळूं द्यावा व मग कचऱ्यांत टाकावा. तो चुलींत किंवा बंबांत टाकूं नये, आणि ॲसिटोन मोरींतही ओतूं नये.

रंग निघाल्यावर नखें पांढुरकीं व रुक्ष दिसतात. पहिल्या दोन दिवसांत ती छटा तेलानें बरीच कमी होते. झोंपतांना रोज तेल लावावें, भांडीं व कपडे धुतांना रबरी हातमोजे घालावे, नखें आंखूड ठेवावीं. वारंवार ओलें होणें व वाळणें यानेंच नखांचे पापुद्रे टोंकाशीं सुटतात, हें रंग न लावणाऱ्या वडील स्त्रियांनींही ध्यानांत घ्यावें. पुन्हां जेल लावावयाचा असल्यास निदान एक-दोन आठवडे मध्यें जाऊं द्यावे. नख पातळ झालें असल्यास तें पूर्ण वाढून येईपर्यंत थांबणें बरें. नखें लवकर वाढावींत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेण्याची सध्यां टूम आहे. त्यांविषयीं एक गोष्ट अवश्य सांगावी लागेल : बायोटिन मोठ्या प्रमाणांत पोटांत असतां थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या कांहीं रक्ततपासण्यांचे आंकडे चुकीचे येऊं शकतात. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २०१७ मध्यें तशी जाहीर सूचना दिली. तेव्हां गोळ्या चालू असल्यास तपासणीपूर्वीं डॉक्टरांस सांगावें.

ज्या कोणास ॲसिटोन नको असेल तिच्यासाठीं आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे मेंदीचा. मेंदीतील रंगद्रव्य केराटिनशीं जखडून बसतें. कातडीवरून तें आठवड्या-दोन आठवड्यांत जातें, पण नखांवरची मेंदी नखाबरोबरच पुढें सरकते व कापली जाते. जेललाही तसेंच वाढूं द्यावें, पुढें आलेला भाग कापत राहावें, सुटलेला कांठ कानशीनें गुळगुळीत करावा. यास धीर मात्र हवा, आणि एक काळजीही हवी. रंग एका बाजूनें सुटून त्याखालीं पाणी सांचूं लागलें कीं तेथें जंतु वाढतात व नख हिरवट दिसूं लागतें. तसें होतांच हा मार्ग सोडून उरलेला रंग भिजवून काढावा आणि त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें. नख खालच्या मांसापासून सुटलें, बोट सुजलें किंवा पू झाला, अथवा घरांत मधुमेह असलेल्या बाईच्या बोटांस इजा झाली, तर घरगुती उपाय करीत बसूं नये.

नखाभोंवतीं किंवा पापण्यांवर खाज, पुरळ, लाली आली तर ती ॲक्रिलेटची बाधा असण्याचा संभव असतो. ही बाधा एकदां जडली कीं बहुधा जन्मभर राहते, आणि त्याच वर्गाचीं द्रव्यें दांतांच्या भरावांत व हाडांच्या शस्त्रक्रियेंत वापरतात. त्यामुळें पुढें उपचारांच्या वेळीं अडचण येते. अशा मुलीनें हौसेखातरही पुन्हां जेल लावूं नये. घरीं बसून रंग व दिवा आणून स्वतः लावणाऱ्यांत ही बाधा अधिक होण्याचें कारण हेंच कीं, न जमलेला ओला रंग कातडीस लागतो.

आणखी एका प्रसंगीं हा विषय केवळ शोभेचा राहत नाहीं. प्रसूति किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळीं बोटास एक चिमटा लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण पाहतात. त्या चिमट्यांतील प्रकाश नखांतून आरपार जावा लागतो. गडद रंग आड आल्यास आंकडा कमी-अधिक दाखविला जाऊं शकतो, आणि नखांचा निळसरपणाही डॉक्टरांच्या नजरेस पडत नाहीं. साधा रंग आयत्या वेळीं पुसतां येतो, जेल येत नाहीं. खेड्यांतून तालुक्याच्या गांवीं व तेथून धाराशिव किंवा सोलापूर येथें रुग्णास न्यावें लागतें, त्या धांवपळींत कोण अर्धा तास कापूस बांधून बसणार? म्हणून गरोदर स्त्रीनें आठवा महिना लागण्यापूर्वीं, व शस्त्रक्रिया ठरलेल्या प्रत्येकानें आठ दिवस आधीं, हातांवरचा जेल उतरवून ठेवावा.

राहिला प्रश्न घरांतील बोलण्या-चालण्याचा, आणि आमच्या मतें तोच मुख्य आहे. सोवळें-ओवळें, कुलाचार, नैवेद्याची पद्धत हीं प्रत्येक घराचीं आपापलीं असतात. त्यांत बाहेरच्यानें बोलूं नये. परंतु जी अपेक्षा असेल ती वेळेवर सांगितली पाहिजे. नवरात्र, गोंधळ, मंगळागौर, यांच्या तिथी पंचांगांत आधींपासून लिहिलेल्या असतात. सासूबाईंनीं आठवडाभर आधीं सुनेस जवळ बसवून म्हणावें, “रविवारी घरी आहेस ना? तेव्हा नखं सावकाश काढून घे; मुलांकडे आम्ही बघतो.” एवढ्या दोन वाक्यांनीं दहा नखें वांचतात. सुनेनेंही मनांत कुढत न बसतां नम्रपणें सांगावें, “आई, हा रंग लगेच निघत नाही, तासभर भिजवावा लागतो. आज रात्री ओढून काढला तर बोटं सोलतील. उद्या सकाळी काढते.” असें स्पष्ट सांगितलेलें ऐकून रागावणारी सासू आम्हांस तरी क्वचितच आढळली आहे, बहुतेक ठिकाणीं अडचण रागाची नसून माहितीची असते.

आणि एखादे वेळीं खरोखरच वेळ नसला, तर रंग नखांवर तसाच राहूं द्यावा व त्या दिवसापुरतें पुरण वाटण्याचें काम दुसऱ्या कोणीं करावें. सुनेनें पानें मांडावीं, आल्या-गेल्याचें पाहावें. घराचा मान त्यानें तिळमात्र कमी होत नाहीं. कार्य एका दिवसांत आटोपतें. सोललेलीं बोटें मात्र पुढचे सहा महिने त्याच घरांत कणीक मळीत, भाकऱ्या थापीत व भांडीं घाशीत राहतात.